बोशां हाऊसचा गिलावा

सिमेंट मारायला श्रीरंगला मीच सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गेला दीड महिना लोक माझ्याबद्दल काहीतरी भलतंच बोलतायत आणि मी नुसती मान डोलावतेय.

श्रीरंग माझा धाकटा भाऊ. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी गाड्यांच्या सीटबेल्टचं डिझाइन करायचा. चांगली नोकरी, चांगलं घर, बायको नीला, एकुलती एक मुलगी कादंबरी. पण माणसाला सुख टोचतं ना! नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी तो नदीकाठच्या सेंट ओबिन नावाच्या गावात सहज म्हणून गेला आणि परत आला तो एक घर घ्यायचं ठरवूनच. बोशां हाऊस, सतराशे सत्त्याण्णव सालचं.

"ताई, फ्रेंच आहे! इंग्रजांच्याही आधी इथे त्यांची वस्ती होती, माहितीये तुला?"

"मग? त्यांनी सोडलं ते तू कशाला घेतोस?" मी म्हटलं.

पण घर बघितल्यावर मीही गप्प झाले. खाली माणसाच्या उंचीपेक्षा जास्त खोल दगडी तळघर. त्या दगडावर चहूबाजूंनी ओकच्या जाड आडव्या तुळया. तुळयांवर एकाला एक लागून उभे खांब, आणि खांबांच्या फटींत माती-गवताचं लिंपण, वरून चुना. भोवती रुंद ओसरी, तिच्यावर उतरत आलेलं उंच छप्पर. सगळ्या सांध्यांत लाकडी खुंट्या, लोखंडाचा खिळा नाही. प्रत्येक सांध्यावर सुताराने छिन्नीने आकडे कोरले होते, कुठलं लाकूड कुठे बसवायचं ते कळावं म्हणून. मी तीस वर्षं पूल तपासतेय, डेट्रॉइटच्या आसपास असा एक पूल नाही ज्याच्या पोटाखाली मी शिरले नाही. पण असलं काम मी पाहिलं नव्हतं.

श्रीरंगला तिथे लग्न-मुंजींसाठी हॉल करायचा होता. मधल्या भिंती कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच काढल्या होत्या, त्यामुळे एक लांबलचक खोली आयतीच होती. अडचण एकच, भिंती. दर वसंतात लिंपणाला भेगा पडायच्या, चुना गळायचा. रेमंड डुबे नावाचा सत्तरीचा एक सुतार वर्षानुवर्षं ते बुजवायचा. बादलीत माती तुडवायची, गवत घालायचं, हाताने भरायचं, वर चुना. त्याच्या खापरपणजोबाने या घराच्या तुळया तासल्या असं तो सांगायचा.

"दरवर्षी कोण करत बसणार हे?" श्रीरंगने मला फोनवर विचारलं.

आणि मी म्हटलं, "माती काय लावत बसलायस वेड्यासारखा? जाळी ठोक, पाऊण इंची सिमेंटचा गिलावा मार, वर पांढरा रंग. कटकट मिटली. पक्कं काम होईल."

नुसतं म्हटलं नाही, स्केच काढून पाठवलं. आमचे बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसीयर. आमच्या घरात 'पक्कं' हा शब्द देवाच्या नावासारखा घ्यायचे. मातीची भिंत म्हणजे गरिबी, सिमेंट म्हणजे त्यातून सुटका, हे बाळकडूच होतं. ज्या दिवशी आजोबांच्या घराच्या भिंतींना सिमेंट लागलं त्या दिवशी बाबांनी आळीत पेढे वाटले होते. ते डोक्यात ठेवून मी अमेरिकेतल्या फ्रेंच घराला सल्ला दिला, शहाणी!

रेमंड तेव्हा मुद्दाम मला भेटायला आला होता. टोपी हातात धरून म्हणाला, "मॅडम, हे घर श्वास घेतं. पाणी आत येतं, तसं बाहेरही जातं. तुम्ही बाहेरचं दार बंद करताय."

मी हसले. चक्क हसले त्याच्या तोंडावर. "आमच्या देशात सत्तर वर्षं आम्ही हीच माती काढून टाकतोय," म्हटलं. तो टोपी डोक्यावर घालून निघून गेला. गावाच्या जुनी घरं जपणाऱ्या कमिटीने घर बाहेरून पूर्वीसारखंच पांढरं दिसतंय एवढं बघितलं आणि सही केली. रेमंडने त्यानंतर त्या घरात पाऊल टाकलं नाही.

हे झालं मागचं. आता सप्टेंबर.

कादंबरीचं लग्न ठरलं. मुलगा कुश, शिकागोचा, गुणी. कादंबरी इथेच जन्मलेली, ऑफिसात सगळे तिला 'कॅडी' म्हणतात, पण लग्न मात्र तिला वेदोक्त हवं होतं, मंगलाष्टकं, अंतरपाट, सगळं. आणि अर्थातच बाबाच्या घरात. एकशेचाळीस माणसं, शनिवारी सकाळी अकरा बेचाळीसचा मुहूर्त.

शुक्रवारी दुपारी मी पोचले. ओसरीवर झेंडूच्या माळा चढवणं चाललं होतं, नीला कुणावर तरी ओरडत होती, एकूण लग्नघर. मी हॉलमध्ये शिरले आणि नाकाला वास आला. कुबट. ओल्या पोत्याचा असतो तसा. सगळ्यांना फुलांचा वास येत होता, मला हा. खिडकीखाली पाय ठेवला तर फळी किंचित दबली आणि भिंतीपासून बोटभर फट दिसली. फटीत अंधार होता.

गाडीतून टॉर्च आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कुणाला न सांगता तळघरात उतरले. पूल तपासायची जी पद्धत, तीच इथे. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, टोचून बघायचं. हॉलची जमीन सगळी कडीपाटाची. ओकच्या कड्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि कड्यांची टोकं दगडावरच्या त्या आडव्या तुळईत खोचलेली. तुळई बाहेरून काळी, ठणठणीत दिसत होती. मी नदीकडच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि हलकेच दाबला.

तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही.

दोन फूट पुढे टोचलं, तेच. आणखी पुढे, तेच. बाहेर काढला तर टोकाला तपकिरी लगदा. नऊ वर्षं पावसाचं, बर्फाचं पाणी माझ्या गिलाव्याच्या मागे उतरत होतं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे या तुळईत बसून होतं. एकोणीस कड्यांपैकी अकरांची टोकं नुसत्या सालीवर टेकलेली होती. वर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं आणि दर ओढीला माझ्या डोक्यावर बारीक भुसा पडत होता.

मी श्रीरंगला खाली बोलावलं. तो उद्याची शेरवानी घालून बघून आला होता, खूश होता. मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला. त्याने टोचून बघितलं. परत टोचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कधीपासून असेल?"

"काय माहीत. श्री, उद्या इथे लग्न करायचं नाही. लॉनवर करू. मांडव घालू."

"पाऊस सांगितलाय उद्या. आणि आज तंबू कोण देणार?"

"मग शाळेचा हॉल बघू, चर्च बघू! ही जमीन खाली येईल रे!"

"कार्याच्या घरात असले शब्द काढू नकोस." त्याचा आवाज बारीक झाला होता. "आणि लोकांना काय सांगू? का हलवलं म्हणून?"

"खरं ते सांग."

"खरं?" आता त्याने माझ्याकडे बघितलं. "बरं. चल वर. सगळे आहेत, कुशचे आईवडील आलेत, रेमंडपण आलाय बाहेर. तू सांग, ताई. सिमेंट मी सांगितलं, स्केच मी काढलं, म्हणून हे कुजलं, असं तूच सांग. मी लगेच कॅन्सल करतो. आत्ता."

मी उभीच राहिले. खरं सांगते, मी कादंबरीचा विचार केला नाही, एकशेचाळीस माणसांचा केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे टोपी हातात घेतलेला रेमंड आला. इंजिनिअर म्हणून तीस वर्षं कमावलेलं नाव आलं. वाटलं, आता या वयात, व्याह्यांच्या समोर?

"टेकू लावू," मी म्हटलं. "लोखंडी टेकू भाड्याने मिळतात. अकरा कड्यांखाली आडवं लाकूड आणि त्याला सहा टेकू. एक दिवस निघेल. पण सगळे खुर्च्यांवर बसलेले पाहिजेत. पसरून. नाचबिच काही नाही."

"बसतील," तो म्हणाला आणि माझा हात दाबला. दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी टेकू लावले. मी कागदावर हिशेब केला, एका खुर्चीला किती जागा, एका माणसाचं किती वजन, दोनदा तपासला. आकडे बसत होते. वर आले तर रेमंड लॉनवर उभा. त्याने माझ्या हाताला लागलेला तपकिरी लगदा बघितला, मग माझ्या तोंडाकडे. "उद्या मी बाहेरूनच बघेन," एवढंच म्हणाला. मी हात साडीला पुसले.

शनिवारी सकाळपासून आभाळ भरून आलेलं. हॉल मात्र, आत उभारलेल्या फुलांच्या मांडवासकट, असा सजला होता की बघत राहावं. मी खुर्च्या स्वतः मांडून घेतल्या, मधे मोकळी वाट, भिंतीलगत कुणी नाही. माणसं बसली. जमीन गप्प होती. कादंबरी मामाबरोबर आली, पिवळ्या अष्टपुत्रीत इतकी गोड दिसत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, झालं, अर्धा तास, देवा, फक्त अर्धा तास.

आणि तेव्हा नीलाच्या बहिणी वाट्या घेऊन फिरायला लागल्या. अक्षता.

मी, वीणा, जन्म नागपूरचा, शंभर लग्नं जेवलेली बाई, हे विसरले होते! कागदावर मी अमेरिकन माणसं बसवली होती. चर्चमधल्यासारखी, हात मांडीवर ठेवून, शेवटपर्यंत जागच्या जागी. आपलं लग्न असं असतं का? मंगलाष्टकं सुरू झाली की खुर्चीवर कोण बसतं? अक्षता नवरा-नवरीच्या डोक्यावर पडायला हव्यात, मागून टाकल्या तर पुढच्याच्या टकलावर पडतात, म्हणून सगळे उठतात आणि पुढे सरकतात. अंतरपाट धरला. गुरुजींनी खर्जात सुरुवात केली. आणि एकशेचाळीस माणसं उठून मांडवाभोवती गोळा झाली, खांद्याला खांदा लावून, नदीकडच्या अर्ध्या भागात.

"बसा! सगळे बसून घ्या!" मी ओरडले.

"अहो काकू, फोटो येत नाही बसून," कुणीतरी हसलं. पहिलं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या. पायाखाली काहीतरी कुरकुरलं. मी भिंतीकडे बघितलं. माझ्या पाऊण इंची गिलाव्यात, खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली, एक भेग उतरत होती. माझ्या देखत उतरत होती.

"बाहेर चला! जमीन जातेय! सगळे बाहेर!"

दोन-चार डोकी वळली. कुशच्या आईने कपाळाला आठ्या घातल्या. "शुभ वेळेला काय हे!" आणि गुरुजींनी, देव त्यांचं भलं करो, मला झाकायला आवाज चढवला. नीलाने माझा दंड धरला, "ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" श्रीरंग अंतरपाटाच्या पलीकडून माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण तोंडातून शब्द नाही. माझं नाव जाऊ नये म्हणून तो थांबला होता, हे मला आता कळतं.

दुसरं 'सावधान'. फट बोटभराची चार बोटं झाली.

मग मी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्याचा व्हिडिओही आहे. मी अंतरपाट ओढून फेकला, कादंबरीचं मनगट धरलं आणि तिला फरफटत ओसरीच्या दाराकडे नेलं. नवरी निघाली तसा कुश धावला, कुश धावला तशी त्याची आई, मामा, मावश्या, गुरुजी, बाकी सगळे. नुसत्या ओरडण्याने एक माणूस हलला नव्हता. नवरीमागे सगळं वऱ्हाड पायऱ्या उतरून लॉनवर आलं, मला शिव्या घालत. पावसाचे थेंब पडायला लागले होते. एकशेचाळीस माणसं, मी मोजत नव्हते, पण आत एकच राहिलाय हे मला दिसलं.

श्रीरंग मांडवात उभा होता. समई पेटलेली होती. ती तशीच टाकून आला असता तर लाकडाचं घर पेटलं असतं, हे त्याच्या डोक्यात आलं असणार. तो असाच होता, दुसऱ्याच्या सीटबेल्टची काळजी करणारा.

"श्री, राहू दे ते! ये बाहेर!" मी दारातून ओरडले.

"आलो, ताई," म्हणाला आणि समई विझवायला वाकला.

वरचं वजन एकदम उतरल्यामुळे कड्या उचलल्या गेल्या, टेकू सैल झाले आणि कलंडले. हे नंतर तपासणीत निघालं. तेव्हा मला फक्त लोखंड दगडावर पडल्याचा आवाज आला, खालून, एक, मग दुसरा. आणि नदीकडची जमीन माझ्या भावाला घेऊन खाली गेली. वेगाने नाही. सावकाश, एका बाजूने, गालिचा आणि खुर्च्या त्याच्याकडे घसरत. शेवटी मोठा आवाज झाला आणि धूळ दारातून बाहेर आली.

सर्वात आधी आत उतरला तो रेमंड, सत्तरी उलटलेला म्हातारा. त्यानेच श्रीरंगच्या अंगावरची कडी उचलून धरली.

श्रीरंग वाचला. कमरेखाली काही हलत नाही. डॉक्टर म्हणतात, हलणारही नाही.

मग चौकशीला काउंटीचा सरकारी माणूस हॉस्पिटलात आला. मी खोलीतच होते. त्याने विचारलं, सिमेंट कुणाच्या सल्ल्याने लावलं? श्रीरंगने छताकडे बघत सांगितलं, "माझी आयडिया होती. माझी बहीण इंजिनिअर आहे, ती नको म्हणत होती. तिनेच सगळ्यांना वाचवलं." त्या माणसाने लिहून घेतलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तेव्हापासून हे सुरू झालंय. लोक फोन करतात, रडतात. ज्यांनी शिव्या घातल्या त्यांनी माफी मागितली. कुशच्या आईने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. इथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलंय, "एकशेचाळीस जीव वाचवणाऱ्या वीणाताई". मला रात्रभर झोप लागत नाही आणि सकाळी मी धन्यवाद म्हणते.

काल दुपारी श्रीरंगच्या घरी कादंबरी माझ्याजवळ येऊन बसली. तिचं लग्न अजून झालेलं नाही, बाबा व्हीलचेअरमध्ये बसू शकला की करू म्हणते. आतल्या खोलीत श्रीरंग झोपला होता, दार उघडंच होतं. तिच्या मांडीवर लॅपटॉप. कार्यक्रमात माझी ओळख तीच करून देणार आहे, त्याचं भाषण लिहीत होती.

"आत्या, एक गोष्ट मला समजत नाही," ती म्हणाली. "बाबा म्हणतो सिमेंट त्याची आयडिया होती. बट ही नेव्हर डिसाइड्स एनिथिंग विदाउट यू. मी रेमंडला विचारलं. तो काही सांगतच नाही. आस्क युअर आँट, म्हणतो."

मी म्हणू शकले असते, बाबा म्हणतो तेच खरं. कागदावर तसंच लिहिलंय, सही झालीये, कुणाला कधी कळलं नसतं. तिने विश्वासाने माझा हात हातात घेतला होता. लहानपणी रस्ता ओलांडताना घ्यायची तसाच.

"मी सांगितलं त्याला," मी म्हटलं. "स्केचही मीच काढलं. आणि आदल्या दिवशी तळघरात बघितलं होतं मी सगळं. तो म्हणाला, तू सांग, लगेच कॅन्सल करतो. मी सांगितलं नाही."

तिने हात काढून घेतला नाही. फक्त तो जड झाला.

"से दॅट अगेन," ती म्हणाली. "इन इंग्लिश. मला नीट कळलं पाहिजे."

मी इंग्लिशमध्ये सांगितलं. शब्द न् शब्द. तिने लॅपटॉप मिटला, उठली, आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. गाडी सुरू झाली नाही, ती नुसती आत बसून राहिली.

मी तिथेच बसले होते. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून श्रीरंगचा आवाज आला. तो झोपलेला नव्हताच.

"कशाला सांगितलंस गं, ताई?" तो म्हणाला. "मी सांभाळलं असतं."